एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये प्रमाणित हेडसेट लागतोच का?

वाचकाचं पत्र

माझं टाइप रेटिंग (या जातीचं विमान उडवण्याचं खास प्रशिक्षण) पूर्ण झालं आहे आणि पुढच्या महिन्यात लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष फ्लाइटवरचं प्रशिक्षण) सुरू होतंय. विमान दोन इंजिनांचं जेट. फ्लाइंग स्कूलपासून माझ्याकडे बॅटरीवर चालणारा नॉइज कॅन्सलिंग हेडसेट आहे. चालतो उत्तम, पण त्यावर टीएसओचा (विमान उपकरणांच्या अमेरिकी मान्यतेचा) शिक्का नाही. एक सीनियर म्हणतात, शिक्का नसेल तर कॉकपिटमध्ये आणूच नकोस. दुसरे स्वतः गाणी ऐकायच्या हेडफोनला वेगळा बूम माइक (तोंडासमोर येणाऱ्या दांडीवरचा माइक) लावून उडतात आणि म्हणतात, कुणी विचारतसुद्धा नाही. नियम नेमका काय आहे? नवा घ्यायचा झाला तर काय बघून घेऊ?

— एक नवा फर्स्ट ऑफिसर

उत्तर

आधी तुमच्या कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल उघडा आणि त्यात 'हेडसेट' हा शब्द शोधा. भाग ‘अ’मध्ये वैमानिकाच्या वैयक्तिक साहित्याबद्दल जिथे लिहिलेलं असतं तिथे, नाहीतर त्या विमानाच्या भाग ‘ब’मध्ये तो सापडेल. तिथे 'प्रमाणित' किंवा 'कंपनीच्या मान्य यादीतला' असं लिहिलेलं असेल तर विषय संपला. नियामकाचं म्हणणं त्याहून सैल असलं तरी तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर फ्लाइट ऑपरेशन्सला मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कॅन्टीनमध्ये मिळालेली परवानगी ही परवानगी नव्हे.

तुमच्या दोन्ही सीनियरांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, कारण या प्रश्नाला जगभर एकच उत्तर नाही.

अमेरिकेत एअरलाइनना लागू होणाऱ्या भाग १२१ मध्ये 'वैमानिकाचा हेडसेट टीएसओ मान्यतेचाच असावा' असं सरळ वाक्य नाही. तिथला नियम बोलतो तो बूम माइकबद्दल. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर बूम माइकचा आवाज अखंड टिपत असेल अशा विमानात १८,००० फुटांखाली वैमानिकांनी बूम माइक वापरलाच पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ६ मध्येही हाच विचार आहे: ट्रान्झिशन लेव्हलच्या (उंची मोजायची पद्धत बदलते त्या ठरावीक पातळीच्या) खाली संभाषण बूम किंवा थ्रोट माइकमधूनच (गळ्याला लावायच्या माइकमधून) व्हावं. हातातला माइक उचलून बोलायला मनाई करण्यामागे दोन कारणं आहेत. एक, उतरताना हात नियंत्रणांवर हवा. दोन, अपघात झालाच तर पुटपुटलेला शब्दही रेकॉर्डरवर सापडला पाहिजे.

युरोपात गोष्ट अधिक घट्ट आहे. तिथल्या व्यावसायिक उड्डाणाच्या नियमांत, कॅट.आयडीई.ए.३२५ मध्ये, प्रत्येक वैमानिकाच्या जागी बूम किंवा थ्रोट माइकसह हेडसेट हे आवश्यक उपकरण म्हणून नोंदलं आहे. आवश्यक उपकरण म्हटलं की ते उड्डाणयोग्यतेच्या नियमांनुसार मान्य असायला हवं. या अटीतून काही वस्तू वगळल्या आहेत: सुटे फ्यूज, टॉर्च, घड्याळ, चार्ट होल्डर, प्रथमोपचार पेटी, मेगाफोन वगैरे. त्या यादीत हेडसेट नाही. शिवाय सोबतच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की माइक नॉइज कॅन्सलिंग जातीचा असावा, इयरफोन आणि माइक विमानाच्या संपर्क यंत्रणेशी जुळावेत, आणि आवाज दाबणारे इयरफोन वापरायचे असतील तर त्यामुळे धोक्याचे इशारे दबत नाहीत याची खात्री ऑपरेटरने करावी.

हे शेवटचं कलम नीट वाचा. खात्री करायची जबाबदारी ऑपरेटरवर टाकली आहे, वैमानिकावर नाही. मग शंभर वैमानिक शंभर प्रकारचे हेडसेट घेऊन आले तर कंपनी प्रत्येकाची खात्री कुठून करणार? म्हणून ती चार-पाच मॉडेलची यादी काढते आणि बाकीच्यांना दार बंद करते. अमेरिकेचा नियामक असलेल्या एफएएनेही २००७ मध्ये ऑपरेटरांसाठी याच विषयावर सूचना काढली होती. आवाज दाबणारे हेडसेट घातल्यावर इशारे आणि आसपासचे आवाज ओळखू येतात का ते तपासा, येत नसतील तर दुसरा उपाय करा, नाहीतर असे हेडसेट वापरणं थांबवा, असा तिचा आशय. तेव्हा 'कुणी विचारत नाही' हे तुमच्या दुसऱ्या सीनियरांचं म्हणणं एखाद्या रोजच्या फ्लाइटपुरतं खरं असेलही. पण काही बिनसलं की व्हॉइस रेकॉर्डर ऐकला जातो. त्यावर तुमचा आवाज खरखरीत किंवा अर्धवट असला तर पहिला प्रश्न हेडसेटचाच निघतो.

आता शिक्क्याबद्दल. टीएसओ म्हणजे एखाद्या जातीच्या उपकरणानं पार करायची किमान कसोटी. हेडसेटसाठी सध्याची कसोटी टीएसओ-सी१३९ आणि तिची सुधारित आवृत्ती सी१३९ए, युरोपात ईटीएसओ-सी१३९. त्याआधी इयरफोनसाठी सी५७ आणि माइकसाठी सी५८ अशा दोन वेगळ्या कसोट्या होत्या. म्हणून जुन्या हेडसेटच्या पट्टीवर हे दोन्ही आकडे दिसतात. नवी कसोटी आली म्हणून त्या जुन्या हेडसेटची मान्यता आपोआप रद्द होत नाही. कसोटीत आवाजाची गुणवत्ता तर असतेच, शिवाय डीओ-१६० या पर्यावरणीय चाचण्या असतात: तापमान, दाब, कंप, आणि उपकरणातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी. त्यातली चुंबकीय परिणामाची चाचणी हेडसेटसाठी विशेष महत्त्वाची. होकायंत्राची सुई एका अंशानं हलायला उपकरण किती जवळ आणावं लागतं ते त्यात मोजतात. प्रत्येक इयरकपमध्ये चुंबक असतो. हेडसेट काढून ग्लेअरशील्डवर (समोरच्या उपकरणांवरच्या छज्जावर), स्टँडबाय कंपासजवळ (राखीव होकायंत्राजवळ) ठेवायची सवय असेल तर आत्ताच मोडा. प्रमाणित हेडसेटलाही ही सूट नाही.

शिक्क्याची मर्यादाही लक्षात घ्या. टीएसओ सांगतो की ही वस्तू अमुक कसोटीला उतरली आणि तिचं उत्पादन नियंत्रणाखाली होतं. तुमच्या विमानात ती चालेल, असं तो सांगत नाही. चुकीचा प्लग किंवा न जुळणारा माइक असलेला प्रमाणित हेडसेट तुमच्या विमानात कुचकामी ठरू शकतो.

शिक्का खरा की नुसता बोलण्यातला, हे पट्टीवरून ओळखा. अमेरिकी नियमानुसार टीएसओ वस्तूवर चार गोष्टी हव्यात: उत्पादकाचं नाव किंवा चिन्ह, मॉडेल किंवा पार्ट नंबर, अनुक्रमांक किंवा उत्पादनाची तारीख, आणि टीएसओ क्रमांक. ही पट्टी सहसा केबलवरच्या नियंत्रण डबीवर किंवा इयरकपच्या आतल्या बाजूला असते. 'टीएसओच्या दर्जाचा' किंवा 'टीएसओप्रमाणे बनवलेला' असं खोक्यावर छापलेलं असेल तर त्याला मान्यता म्हणत नाहीत. विकत घेताना पार्ट नंबर तपासा, नुसतं मॉडेलचं नाव नको. एकाच नावाखाली वेगवेगळे प्लग आणि वेगवेगळे माइक असलेल्या आवृत्त्या विकल्या जातात, आणि कंपनीच्या यादीत त्यातली एखादीच असू शकते. कंपनीला रिलीज सर्टिफिकेट हवं असेल, म्हणजे एफएएचा ८१३०-३ किंवा युरोपचा फॉर्म १, तर ते खरेदीच्या वेळीच मागा. नंतर मागून सहसा मिळत नाही.

मान्यता टिकवणंही तुमच्याच हातात आहे. कानाच्या गाद्या आणि माइकचा फोम उत्पादकाचेच सुटे भाग आणून बदलायला हरकत नाही. केबल कापून दुसरा प्लग सोल्डर केला, माइकची कॅप्सूल बदलली, इयरकपला भोक पाडून ब्लूटूथ बसवलं, की तो मान्यता मिळालेला हेडसेट राहत नाही, पट्टी जागेवर असली तरी.

मुळात प्रमाणपत्र बाजूला ठेवलं तरी जेटच्या कॉकपिटमध्ये चुकीचा हेडसेट चार ठिकाणी गोत्यात आणतो: प्लग, माइक, इशारे आणि ऑक्सिजन मास्क.

प्लगपासून सुरुवात करू. फ्लाइंग स्कूलच्या छोट्या विमानात दोन प्लग असतात: इयरफोनचा ६.३५ मिमी आणि माइकचा ५.२३ मिमी. बोइंगमध्ये सहसा हीच जोडी चालते. बहुतेक एअरबसमध्ये मात्र पाच पिनांचा एक्सएलआर असतो. काही विमानांत सहा पिनांचा लेमो असतो, ज्यातून नॉइज कॅन्सलिंगला विमानाचीच वीज मिळते. हेलिकॉप्टरचा जाड एकेरी प्लग या कुठल्याच सॉकेटमध्ये जात नाही. बाजारात सगळ्यांचे अडॅप्टर मिळतात, पण हेडसेटच्या मान्यतेत अडॅप्टर आपोआप येत नाही. शिवाय तो मध्येच एक जोड वाढवतो. नेमका तो जोड तुमच्या सीटच्या रुळाशेजारी लोंबतो आणि सीट पुढे घेताना त्यात अडकतो. दुहेरी प्लगची आणखी एक खोड: माइकचा प्लग पूर्ण आत गेला नाही तर ऐकू सगळं येतं, पण तुम्ही बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. शेवटची खट्ट ऐकू येईपर्यंत दाबा.

माइकचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. विमानातल्या माइकची पद्धत जुन्या कार्बन माइकपासून आली. आजचे इलेक्ट्रेट माइकही स्वतःच्या छोट्या अँप्लिफायरमार्फत त्याच पातळीचा सिग्नल देतात आणि त्यासाठी ऑडिओ पॅनेलकडून (रेडिओ आणि माइक निवडायच्या पाटीकडून) साधारण ८ ते १६ व्होल्टचा डीसी पुरवठा घेतात. काही लष्करी हेडसेटमध्ये ५ ओहमचा डायनॅमिक माइक असतो. तो नागरी विमानात लावला तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. इयरफोनच्या बाजूलाही हाच घोळ. विमानाचे हेडसेट साधारण १५० ते ६०० ओहमचे, तर गाण्यांचे हेडफोन १६ ते ५० ओहमच्या घरातले. कमी इम्पिडन्सचा, म्हणजे ओहमचा आकडा लहान असलेला, हेडफोन लावला की ऑडिओ पॅनेलवर अपेक्षेपेक्षा जास्त भार पडतो. मग आवाज फाटतो, किंवा एकाच लाइनवर दुसरा हेडसेट असेल तर तिथे आवाज पडतो. हेडसेटमुळे हे घडतंय असं कुणाच्या डोक्यात येत नाही. लॉगबुकमध्ये रेडिओचा दोष लिहिला जातो, इंजिनिअर रेडिओ बदलतो आणि तक्रार तशीच राहते.

बूम माइक नॉइज कॅन्सलिंग असतो तो त्याच्या रचनेमुळे. त्याला दोन बाजूंनी छिद्रं असतात. आसपासचा गोंगाट दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि एकमेकाला खोडतो, तोंडातला आवाज एकाच बाजूनं येतो म्हणून उरतो. हे जमायला माइक ओठाच्या कोपऱ्यापासून ३ ते ६ मिलिमीटरवर हवा आणि त्याची बोलायची बाजू ओठाकडे हवी. ती बाजू पांढऱ्या ठिपक्यानं किंवा कोरलेल्या शब्दानं दाखवलेली असते, पण फोम चढवला की दिसत नाही. बूम डावीकडून उजवीकडे फिरवताना माइक उलटा होतो आणि कळतही नाही. आवाज पडला, गोंगाट वाढला, तर व्हॉल्यूमला हात लावण्याआधी फोम काढून ठिपका बघा. माइक हनुवटीखाली ढकलून बोलणाऱ्यांचाही आवाज याच कारणानं हरवतो. त्यांना वाटतं समोरच्याचे कान कमजोर.

इशाऱ्यांबद्दल लोक दोन टोकांची मतं बाळगतात. 'नॉइज कॅन्सलिंगमुळे अलार्म ऐकूच येत नाही' हेही खरं नाही, आणि 'अलार्म हेडसेटमध्येच येतो' हेही सगळ्या विमानांत खरं नाही. नॉइज कॅन्सलिंग मुख्यतः साधारण १,००० हर्ट्झच्या खालच्या घरघरीवर काम करतं, ५०० च्या खाली सर्वांत जास्त. बहुतेक इशाऱ्यांचा चिरका भाग त्याच्या वर असतो, तो जातो. पण कान पूर्ण झाकणारे जाड कप वरचे आवाजही दाबतात, आणि ते तर बॅटरीशिवायही दाबतात. म्हणून मोठ्या कपांचा, पिस्टन विमानासाठी बनवलेला हेडसेट जेटमध्ये गरजेपेक्षा जास्त बहिरं करतो. इशारा कुठून वाजतो हेही विमानागणिक बदलतं. जमिनीच्या जवळ आल्याची किंवा दुसऱ्या विमानाची सूचना काही विमानांत स्पीकर आणि हेडसेट दोन्हीकडे येते. बोइंग ७३७ मध्ये आगीची घंटा, अतिवेगाची खडखड आणि टेकऑफ कॉन्फिगरेशनचा हॉर्न वेगळ्या ध्वनियंत्रातून थेट कॉकपिटच्या हवेत वाजतात, हेडसेटच्या तारेतून नाही. आणि ज्यांचा कुठल्याच यादीत उल्लेख नसतो असे आवाज वेगळेच: सर्किट ब्रेकर उडाल्याची टिक, दाराच्या सीलची शीळ, एअर कंडिशनिंगच्या प्रवाहात पडलेला फरक, शेजारच्यानं हेडसेटविना उच्चारलेला एक शब्द. जुने कॅप्टन एक कान उघडा ठेवतात तो याच कारणानं. युरोपीय मार्गदर्शनात हेडसेटची व्याख्याच दोन इयरफोनची आहे, आणि काही कंपन्या चढताना-उतरताना दोन्ही कानांवर हेडसेट असावा असं लिहितात. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते करा. एक कान उघडा ठेवायची मुभा असेल तर त्या बाजूचा कप गालावर न ठेवता कानाच्या मागे सरकवा, नाहीतर त्या कपातलं कॅन्सलिंग मोकळ्या हवेशी झगडत गुरगुरत राहतं.

कानांची काळजी ही खरी गरज आहे, चैन नाही. युरोपच्या कामगार संरक्षणाच्या २००३ च्या निर्देशात दिवसभराच्या सरासरीला ८० डेसिबलपासून उपाययोजना सुरू होते आणि ८७ ही मर्यादा आहे. कॉकपिटचा गोंगाट आणि त्यावर मात करायला वाढवलेला रेडिओ मिळून कानावर पडतो. म्हणून हलकासा नॉइज कॅन्सलिंग हेडसेट रेडिओ कमी आवाजात ऐकू देतो, आणि तिथेच त्याचा फायदा आहे. हेडसेटखाली इयरप्लग घालायची शक्कल मात्र लढवू नका. रेडिओचं बटण वर जाईल आणि हवेतले इशारे खाली.

ऑक्सिजन मास्कचा विचार हेडसेट घेताना जवळजवळ कुणी करत नाही. तो सर्वांत आधी करायला हवा. अमेरिकी नियमात चटकन चढणाऱ्या मास्कची कसोटी अशी: एका हातानं, पाच सेकंदांत, चष्म्याला धक्का न लावता. मास्क ओढला, लाल पकडी दाबल्या की त्याचा पट्टा हवेनं फुगतो, डोक्यावरून जातो आणि सोडल्यावर आवळतो. डोक्यावर जाड पट्ट्याचा आणि मोठ्या कपांचा हेडसेट असेल तर तो पट्टा कपाच्या कडेला अडकतो किंवा कप कानावरून उचलतो. कुठे हेडसेट काढून मास्क चढवून पुन्हा हेडसेट घालायचा असतो, कुठे वरूनच मास्क. पद्धत तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये आहे. मास्क चढल्यावर माइक मास्कमधला चालू व्हावा लागतो. काही विमानांत मास्कच्या डबीचं झाकण उघडलं की ते आपोआप होतं, काहींत बूम-मास्क स्विच हातानं फिरवावा लागतो. ऐकायला मात्र तुमचाच हेडसेट किंवा स्पीकर. घाईत हेडसेट मांडीवर पडला आणि स्पीकर बंद असला तर दोन वैमानिक मास्कमधून एकमेकांशी बोलतात आणि दोघांनाही काही ऐकू येत नाही.

या सगळ्यावरून गाण्यांच्या हेडफोनला माइक जोडायच्या युक्तीबद्दल आमचं मत तुम्ही ओळखलं असेल: एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये नको. त्या हेडफोनचं कॅन्सलिंग सुंदर असतं, वजन कमी असतं, हे मान्य. पण त्याचा ३.५ मिमीचा जॅक ओढ सहन करत नाही. बॅटरी संपल्यावर काही मॉडेल तारेवरूनही गप्प होतात. काही मॉडेल काही मिनिटं आवाज न आल्यास स्वतःहून बंद होतात. आणि बॅटरी उतरली की एक गोड आवाज कानात ते सांगतो, बहुधा अप्रोचच्या, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याच्या, मध्यात. विमानाच्या हेडसेटमध्ये बॅटरी मेली तर फक्त कॅन्सलिंग जावं, रेडिओ चालू राहावा, हीच मूळ अपेक्षा. ब्लूटूथवरून रेडिओ ऐकायचा विचार तर सोडूनच द्या. आवाज दशांश-दोन दशांश सेकंद उशिरा येतो आणि तुमचाच साइडटोन, म्हणजे तुम्ही बोललेलं, प्रतिध्वनीसारखा कानात परततो. बोलता बोलता जीभ अडखळते. प्रमाणित हेडसेटमध्ये ब्लूटूथ असला तरी फोन जोडणं हा निराळा प्रश्न आहे. अमेरिकेत भाग १२१ च्या वैमानिकांना ड्युटीच्या जागी कामाशी संबंध नसलेला वैयक्तिक वायरलेस उपकरणाचा वापर मना आहे.

मग काय घ्यावं? जेटसाठी हलका, कानावर टेकणारा किंवा कानाच्या तोंडाशी बसणारा, प्रमाणित, तुमच्या विमानाच्याच प्लगचा. टेलेक्स एअरमन ७५० हा बॅटरीविना चालणारा साधा, हलका हेडसेट एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये वर्षानुवर्षं आहे. त्यात बिघडायला फारसं काही नाही. एअरबस किंवा तुलनेनं शांत कॉकपिटमध्ये तो पुरतो. ७३७ सारख्या गोंगाटाच्या विमानात दिवसाला चार सेक्टर (फेऱ्या) उडणार असाल तर नॉइज कॅन्सलिंगवर खर्च करणं शहाणपणाचं. बोसचा प्रोफ्लाइट खास जेटसाठीच काढलेला आहे. त्यात कॅन्सलिंगच्या तीन पातळ्या आहेत आणि कपावर टिचकी मारून बाहेरचं बोलणं आत घेता येतं. डेव्हिड क्लार्कचा एच१०-१३.४ जवळजवळ अविनाशी, पण जेटमध्ये आठ तास डोक्यावर ठेवायला जड. चष्मा लावत असाल तर दुकानात चष्म्यासहित घालून बघा. जाड काड्या कानाची गादी उचलतात, फटीतून गोंगाट शिरतो आणि कॅन्सलिंग फट-फट आवाज करत सुटतं. काड्या पातळ करणं हेडसेट बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

हेडसेट हातात आला की पहिल्या फ्लाइटच्या दिवशी नाही, त्याआधी सिम्युलेटरमध्ये किंवा जमिनीवर उभ्या विमानात इंजिनिअरच्या परवानगीनं तपासा. प्लग लावा, ऑडिओ पॅनेलवर बूम निवडलाय ते बघा, इंटरफोनवर दुसऱ्याशी बोला आणि त्याला विचारा की विमानातल्या हेडसेटच्या तुलनेत आवाज कसा येतो. मग कॅन्सलिंग पूर्ण चालू ठेवून नेहमीच्या प्री-फ्लाइट चाचण्या करा: आगीची, जमीन-सूचनेची, टक्कर-सूचनेची, अतिवेगाची, स्टॉलची. त्याच चाचण्या कॅन्सलिंग बंद करून पुन्हा करा. कुठलाही इशारा 'लक्ष देऊन ऐकलं तर येतो' इतपतच येत असेल तर तो हेडसेट नापास, कारण उड्डाणात लक्ष दुसरीकडे असतं. फरक काढायचा असतो तो इथेच, शोरूममध्ये नाही. यानंतर बॅटरी काढा आणि पुन्हा बोला. शेवटी मास्क: घड्याळ लावा, एका हातानं चढवा, मास्कमधून बोला, समोरच्याचं उत्तर ऐका. पाच सेकंदांत जमलं नाही तर हेडबँडची उंची आणि मास्कच्या डबीची दिशा यांचा अंदाज घेत पुन्हा करा. तरीही पट्टा अडकत असेल तर हेडसेट परत करा, कितीही आवडला असला तरी.

रोजच्या वापरात दोन गोष्टी पुरेत. बॅटरी महिन्याच्या ठरावीक तारखेला बदला, दिवा लाल होण्याची वाट बघू नका. सुटे सेल खिशात नाण्यांबरोबर न ठेवता डबीत ठेवा. आणि आपला हेडसेट असला तरी विमानातला हेडसेट कुठे टांगलाय आणि तो चालतोय हे बसल्याबसल्या पाहून घ्या. तुमचा मध्येच मेला तर हात तिकडेच जायला हवा.

राहिला प्रश्न त्या सीनियरांचा. त्यांच्याशी नियमावर वाद घालायला तुम्ही लाइन ट्रेनिंगला जात नाही. त्यांच्या शेजारी बसायची वेळ आली आणि त्यांचा आवाज नीट येत नसेल, तर इंजिन सुरू करण्याआधी, चेकलिस्टच्या आधी, साध्या शब्दांत सांगा: "सर, तुमचा माइक फार हळू येतोय. विमानातला हेडसेट लावून एकदा बघता का?" आवाज येत नाही एवढं सांगायचा अधिकार पहिल्या दिवशीच्या फर्स्ट ऑफिसरलाही असतो. त्यांनी ऐकलं नाही आणि वर गेल्यावर कॉलआउट (एकमेकांना मोठ्यानं सांगायच्या ठरावीक सूचना) हुकायला लागले, तर उतरल्यावर कंपनीच्या सुरक्षा अहवालात लिहा: कोणत्या टप्प्यावर, कोणता शब्द ऐकू आला नाही. हेडसेटचं नाव लिहायची गरज नाही. तो कुठला होता हे चौकशी करणारे स्वतःच विचारतील.